विनोदाचीही प्रतवारी करा, पण हसणं बंद करू नका



आधी शेताचं. चाळीतला उन्हाळ कांदा निम्मा काढला, निम्मा अजून आत आहे. खालच्या थराला ओल लागलीय, वास यायला लागलाय, त्यामुळे या आठवड्यात निवडून घ्यावाच लागेल. उन्हाळच्या रोपासाठी वाफे टाकलेत. मका सोंगून पडलीय, कणसं वाळायला चार दिवस कडक ऊन पाहिजे. शेताचं एवढंच. आजचं बाकीचं लिहिणं वेगळ्या विषयावर आहे, जरा लांबलंय, पण वाचा.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सूचना लागली. ग्रुपवर राजकीय विनोद, व्यंगचित्रं, नकलांचे व्हिडिओ टाकू नयेत, फक्त शेतीविषयक पोस्ट टाकाव्यात, नियम मोडणाऱ्याला काढून टाकण्यात येईल. कारण काय, तर एका पोराने एक विनोद टाकला. विनोद असा :

"आमच्या शिवरस्त्याचा नारळ आचारसंहितेच्या आदल्या दिवशी फुटला. त्या नारळाचं खोबरं वाळलं, खोबऱ्याचं तेल निघालं, तेल डोक्याला लावून संपलं. रस्ता अजून ओलाच आहे."

बस, एवढंच. नाव नाही, गाव नाही, पक्ष नाही, शिवी नाही. पण ज्यांनी नारळ फोडला होता त्यांच्या माणसांना तो बरोबर कळला. रात्री तिघं जण त्याच्या घरी गेले. "माफीचा व्हिडिओ करून टाक" म्हणाले. पोराच्या बापाला सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायचंय, तो बिचारा हात जोडून उभा राहिला. पोराने पोस्ट काढली, आणि सकाळी स्वतःच ग्रुप सोडला. बावीस वर्षांचं पोरगं. दूध घालतं, डिप्लोमा करतं, आणि मोबाईलवर झकास लिहितं. त्याच्या जाण्यावर ग्रुपवर एक जण बोलला नाही. सगळ्यांनी सूचनेला अंगठा दाखवला.

मी दाखवला नाही. का नाही दाखवला ते इथं लिहितोय.

पहिली गोष्ट, राजकीय विनोद हा शेतीविषयक नाही असं ज्याने ठरवलं, त्याने कांदा कधी विकला नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. ४ मे २०२४ ला उघडली, ती सुद्धा ५५० डॉलर टनाची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला एकदाचं गेलं. आता मला सांगा, या दीड-पावणेदोन वर्षांत माझ्या कांद्याचा भाव ढगाने ठरवला, खताने ठरवला, का दिल्लीतल्या कागदाने? लाइट रात्री येणार का दिवसा, हे कोण ठरवतं? पीकविम्याची भरपाई कुठल्या निकषावर, पंचनामा कधी, हे कोण ठरवतं? शेतीतली निम्मी कामं बांधावर होतात आणि निम्मी मंत्रालयात. मंत्रालयातल्या निम्म्यावर हसलो तर ते शेतीविषयक नाही कसं?

आणि आपलं हसणं हे नुसतं दात काढणं नसतं, हे बाहेरच्याला कळत नाही. रात्री मोटर चालू करायला गेलो की वाफा भरेपर्यंत बांधावर बसावं लागतं. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईल. आमच्याकडे बिबट्याचं भय आहे. तेव्हा कुणीतरी लिहून टाकतं, "आमच्या वाडीत बिबट्या आणि लाइट एकाच टायमाला येतात, दोघांचं वेळापत्रक एकाच साहेबाने केलेलं दिसतंय." त्या अंधारात एकटा माणूस खुदकन हसतो. त्याचं भय थोडं कमी होतं, आणि दुसरं म्हणजे त्याला कळतं की अशा अंधारात आपण एकटे बसलेलो नाही, जिल्हाभर लोक बसलेत. हे काम बातमीने होत नाही, भाषणाने तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट. हे मोबाईलचं फॅड आहे, नवी पिढी बिघडली, असं म्हणणारे आबा-नाना प्रत्येक गावात आहेत. त्यांना मी विचारतो, तुम्ही तमाशा बघितला नाही का? वगातला सोंगाड्या राजासमोर उभा राहून काय बोलायचा? राजाचं कौतुक? सोंगाड्याला राजाची चूक काढायची मुभा होती, आणि पुढच्या रांगेत पाटील बसलेला असायचा, त्याला कळायचं की हे आपल्याला आहे. त्याच्या आधी पैठणच्या नाथांनी भारुडातून सोंगं घेऊन ढोंगी माणसाला चव्हाट्यावर आणलं. सत्यशोधकांच्या जलशांनी गावोगाव सावकार आणि भटजीची टर उडवली. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली आलं, त्यात दादा कोंडक्यांनी राजाच्या कारभाराची जी चंपी केली ती बघायला बैलगाड्या जुंपून लोक जायचे, असं आमचे वडील सांगायचे. शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' मधून निळू फुले महाराष्ट्राला माहीत झाले. नावातच कांदा आहे बघा. म्हणजे पुढाऱ्यावर हसणं हे या मातीतलं जुनं पीक आहे. मोबाईलने फक्त बियाण्याची पिशवी बदलली.

तिसरी गोष्ट, आणि हाच माझा खरा मुद्दा. पुढारी विनोदाला का भितात हे मला कळतं. आपण, ज्यांना त्यातून काही मिळत नाही, ते का भितो? का चिडतो? मी बरेच दिवस बघतोय. आपल्यातल्या बहुतेकांना विनोद आवडत नाही. आपल्याला दुसऱ्या पक्षाचा अपमान आवडतो. विनोद आपल्या पक्षावर आला की तो लगेच पातळी सोडलेला, संस्कृतीला धक्का देणारा आणि कुणीतरी पैसे देऊन करून घेतलेला असतो. समोरच्यावर आला की, "अरे विनोद आहे, हलक्यात घ्या ना."

नुसतं बोलत नाही, हिशोब मांडतो. सगळ्या पक्षांचा मांडतो, म्हणजे कुणी एका बाजूचा म्हणायला नको.

सप्टेंबर २०१२. राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार. भ्रष्टाचारावर व्यंगचित्रं काढली म्हणून असीम त्रिवेदीला मुंबईत अटक, कलम राजद्रोहाचं. त्याच वर्षी बंगालमध्ये ममता बॅनर्जींवरचं व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून जादवपूर विद्यापीठाच्या प्राध्यापकाला अटक. त्यातून सुटायला त्या माणसाला २०२३ साल उजाडलं. सप्टेंबर २०२०, राज्यात महाविकास आघाडी. उद्धव ठाकरेंवरचं व्यंगचित्र फॉरवर्ड केलं म्हणून कांदिवलीत नौदलातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला शिवसैनिकांची मारहाण. जानेवारी २०२१, मध्य प्रदेशात भाजपचं सरकार. इंदूरला मुनव्वर फारुकी नावाच्या विनोदवीराला कार्यक्रमातूनच उचललं, महिनाभर आत ठेवलं, शेवटी सुप्रीम कोर्टाने जामीन दिला. मे २०२२, परत आघाडी. शरद पवारांबद्दलच्या पोस्टवरून एक अभिनेत्री आणि आपल्याच नाशिक जिल्ह्यातला एक विद्यार्थी, दोघंही महिनाभराहून जास्त तुरुंगात. तिने पुढे पाठवलेलं मला स्वतःला बिलकुल आवडलं नव्हतं, आजारावरून बोललेलं होतं ते. पण आवडलं नाही म्हणून तुरुंग? मग उद्या माझ्या कांद्याच्या पोस्टचं काय?

आणि मार्च २०२५. कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन गाणं म्हटलं म्हणून मुंबईत खारला जिथं त्याचं चित्रीकरण झालं होतं तो हॉल शिंद्यांच्या शिवसैनिकांनी फोडला. दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला, महापालिकेचे लोक हातोडे घेऊन तिथंच अनधिकृत बांधकाम पाडायला हजर. आता या तारखेची गंमत ऐका. बरोबर दहा वर्षं आधी, २४ मार्च २०१५ ला, सुप्रीम कोर्टाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम रद्द केलं होतं. मोबाईलवर, फेसबुकवर लिहिलेलं कुणाला त्रासदायक वाटलं की अटक करता यायची ते हेच कलम. बाळासाहेब गेले तेव्हा, नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन पोरींना पकडलं होतं, तेव्हाही हेच कलम लावलं होतं.

आणि शिवसेना निघाली कशातून? व्यंगचित्रातून. १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' निघालं. बाळासाहेब आणि श्रीकांतजी, दोघं भाऊ चित्रं काढायचे. आठवडाच्या आठवडा काँग्रेसवाल्यांची साल काढायचे. आणि त्या अंकाचं प्रकाशन कुणाच्या हातून झालं? मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या. ज्याच्यावर चित्रं निघणार होती त्यानेच येऊन प्रकाशन केलं. एवढं मन तेव्हाच्या पुढाऱ्याचं होतं. आज सरपंचाच्या पुतण्याचंही नाही.

हा सगळा हिशोब बघा आणि सांगा, कुठला पक्ष सुटला? एकही नाही. ज्या पक्षावर आज अन्याय होतो त्याला अभिव्यक्तीचा पुळका, तोच उद्या खुर्चीत बसला की माफीचा व्हिडिओ. मग आपण सामान्य माणसांनी यातल्या एकाची बाजू घेऊन दुसऱ्यावरचेच विनोद पुढे ढकलायचे, आणि आपल्यावरचा आला की तिघांनी मिळून पोराच्या घरी जायचं, हे कशासाठी?

आमच्या गावातली गोष्ट. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर "पन्नास खोके, एकदम ओके" घोषणा दिली. एका भाऊने ती गावात इतकी चालवली की पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूने लिहिली. सगळे हसलो. पुढच्या वर्षी त्या भाऊचा नेताच पलीकडे गेला. आता भाऊ म्हणतो, "राजकारणात वैयक्तिक टीका नको, संस्कार राहिले नाहीत." बैल तोच आहे, गेरू निघून गेला. परवाच्या सूचनेला पहिला अंगठा ह्याच भाऊचा होता.

म्हणून म्हणतो, ज्याला फक्त समोरच्यावरचाच विनोद आवडतो तो विनोदाचा रसिक नाही, तो कार्यकर्ता आहे. कार्यकर्ता असणं वाईट नाही. पण मग तसं सांगा, "मला हसू येत नाही, मी प्रचार करतोय." आपल्या मोबाईलमध्ये मागे जा आणि शेवटचे वीस विनोद बघा, तुम्ही पुढे पाठवलेले. वीसच्या वीस एकाच नेत्यावर असतील तर तुम्ही हसत नव्हता, ड्युटी करत होता. आणि बिनपगारी.

आता काही जण म्हणतील, म्हणजे काहीही चालेल का? नाही. मी काय म्हणतोय नीट ऐका. आपण कांदा विकताना प्रतवारी करतो. मोठा वेगळा, गोल्टी वेगळी, जोड कांदा वेगळा, डेंगळे वेगळे, सडका तर बाहेरच. विनोदाचीही करा. पण ती प्रतवारी पक्षावरून नको, मालावरून करा.

चांगला माल कसा ओळखायचा? माझी पहिली परीक्षा ही की आत खरं आहे का. व्यंग खऱ्याला मोठं करून दाखवतं. खोटं व्हिडिओ बनवून नेत्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं हे व्यंग नाही, ती भेसळ आहे. आता तर कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज, कुणाचंही तोंड बनवता येतं. ज्यात हसू यावं म्हणून बनवलंय हे उघड दिसतं, नेता बैलगाडी शर्यतीत पळतोय वगैरे, ते ठीक. पण खरं वाटावं म्हणून बनवलेलं पुढे पाठवू नका, मग ते तुम्हाला न आवडणाऱ्या नेत्याचं का असेना. कारण एकदा खोटं पकडलं गेलं की आपलं खरंही कुणी मानत नाही. सडका एक निघाला की व्यापारी अख्ख्या ट्रॉलीचा भाव पाडतो, माहितीय ना.

सगळ्यात चांगला माल कुठला, तर ज्यात बनवणाऱ्याने स्वतःचं काहीच घातलेलं नसतं. नुसते दोन तुकडे शेजारी ठेवलेले असतात. फडणवीसांचं अजितदादांबद्दलचं "चक्की पिसिंग" वालं भाषण, आणि त्याला लागून २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी. बाळासाहेबांची काँग्रेसवरची जुनी भाषणं, आणि त्याला लागून पाचच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, शिवाजी पार्कावर काँग्रेससोबत घेतलेली शपथ. हे दोन्ही मी बघितलेत, दोन्हीला पोट धरून हसलोय. जो एकाला हसतो आणि दुसऱ्याला "संदर्भ तोडलाय" म्हणतो, त्याने स्वतःला विचारावं. कांद्याचंही तसंच. २०२३ च्या निर्यातबंदीवर भाजपची टिंगल करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की डिसेंबर २०१० मध्येही निर्यात बंद झाली होती. तेव्हा दिल्लीत काँग्रेस आघाडी होती आणि कृषिमंत्री आपल्याच महाराष्ट्राचे शरद पवार होते. त्यामुळे मला सगळ्यात आवडतो तो हा, यात पक्षच नाही :

शेतकरी : साहेब, कांद्याचा भाव कधी वाढेल?
साहेब : तुमचा विकून झाला की लगेच.

दुसरी परीक्षा, विनोदाचा दगड वर फेकलाय का खाली. रमीचं उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसून मोबाईलवर पत्त्यांचा डाव असल्याचा कृषिमंत्री माणिकराव कोकाट्यांचा व्हिडिओ आला. ते म्हणाले, मी खेळत नव्हतो, ते बंद करत होतो. त्यांनीच आधी पीकविम्यावर बोलताना भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही असं म्हटलं होतं, आणि नंतर खुलासा करताना, रुपया सरकार घेतं म्हणजे भिकारी सरकार आहे, असंही म्हटलं. लोकांनी विनोदांचा पाऊस पाडला. कोकाटे आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नरचे. म्हणून आमच्यातले काही जण, "आपला माणूस आहे, हसू नका" म्हणत होते. अरे, आपला आहे म्हणूनच हसायचं. ३१ जुलैला त्यांचं खातं बदललं. कृषी काढून काय दिलं? क्रीडा. आता सांगा, पत्त्यावरून गाजलेल्या माणसाला खेळाचं खातं, हे कुठल्या सोंगाड्याला तरी सुचलं असतं का? हा दगड वर गेला. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या खुर्चीतल्या वागण्यावर गेला. योग्य आहे.

आता हे बघा. जून २०२२ मध्ये सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचा गुवाहाटीवरून फोन गाजला, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". अख्खा महाराष्ट्र हसला. पण हसण्यात फरक होता. शहरातली बरीच मंडळी "डोंगार" आणि "हाटील" ला हसत होती, म्हणजे आपल्या बोलीला हसत होती. आपण कशाला हसलो? दुष्काळी तालुक्याचा आमदार, ज्याच्या तालुक्यात पाण्यासाठी पिढ्या गेल्या, तो सरकार पाडायला गेला आणि तिथली हिरवळ बघून हरखला, याला हसलो. विनोद एकच, पण पहिलं हसणं खाली आलं, आपल्या अंगावर. दुसरं वर गेलं. म्हणून नुसता विनोद बघू नका, आपण त्यातल्या कशाला हसतोय ते बघा. बायकोवरचे, जातीवरचे, कुणाच्या लंगड्या पायावरचे, परप्रांतीय मजुरावरचे विनोद राजकीय म्हणून खपवले जातात. ते डेंगळे आहेत. दिसायला जाड, आत पोकळ. आणि शेतकरी आत्महत्येवर विनोद करणाऱ्याला तर माझ्याकडे ब्लॉक आहे, पक्ष कुठलाही असो.

आणि तिसरं, चांगल्या व्यंगाला शिवी लागत नाही, आकडा लागतो. आमच्या निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये ७५० किलो कांदा विकला. हातात आले १,०६४ रुपये. त्याने ते पैसे मनीऑर्डरने थेट पंतप्रधानांना पाठवून दिले. मनीऑर्डरचा खर्च वेगळा, तोही स्वतःच्या खिशातून. एक शब्द वाईट बोलला नाही. देशभर बातमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा एक रुपया किलोने गेला. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात चेक आला २ रुपयांचा. तो सुद्धा पुढच्या तारखेचा. त्या चेकचा फोटो मोबाईलवर फिरला, त्याखाली कुणी काही लिहायची गरजच नव्हती. याच्यावर व्यंगचित्र काय काढणार? ही आपली परंपरा आहे मंडळी. आपल्या पोराचा नारळाचा विनोद याच जातीचा होता. खरा होता, वर फेकलेला होता, आणि शिवी नव्हती.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. "हसून काय होतं? भाव वाढतो का?" नाही वाढत. उलट कधी कधी हसून वाफ निघून जाते आणि माणूस गार झोपतो. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. आमच्याकडे तेवढी जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि नारळाच्या विनोदाला ग्रुपवर तासाभरात दोनशे हसरी तोंडं पडली होती. त्या दोनशेतले शंभर सभेला आले असते आणि तोच विनोद तिथं प्रश्न म्हणून विचारला असता, की रस्त्याचा मंजूर निधी किती, खर्च किती, ठेकेदार कोण, तर उत्तर इतिवृत्तात लिहावं लागलं असतं. म्हणून हसणं बंद करा असं मी म्हणत नाही. हसा, आणि मग सभेला या. विनोद ही बांधावरची हाक आहे, पुढे चालायचं आपल्या पायाने.

आता ग्रुपच्या ॲडमिनला सांगतो, कारण सूचना त्याने भीतीने लावली हे मला माहीत आहे. भाऊ, तुला कुणीतरी सांगितलं की ग्रुपवर कुणी काही टाकलं तर ॲडमिन आत जातो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी. बदनामीचा कायदा आहेच, नव्या न्याय संहितेतही आहे. म्हणून खोटं आणि शिवीगाळ काढून टाक, तो तुझा अधिकार आहे. पण रस्त्यावरचा विनोद काढायला लावणारा कायदा नाही. ती फक्त तिघांची दादागिरी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ती सूचना बदल. "राजकीय विनोद नको" च्या जागी "खोटं नको, शिवी नको, जात नको" एवढं लिही. त्या पोराला परत घे, आणि घेताना ग्रुपवर सांग की घेतलाय. त्याच्या बापाच्या कर्जाचं मी आणि आणखी दोघं सोसायटीत जाऊन बघतो, त्या गोष्टीचा आणि विनोदाचा संबंध कुणी लावला तर तेही इथंच लिहीन. आणि जे तिघं रात्री गेले होते त्यांना निरोप : माझं घर विहिरीच्या वाटेवर आहे, कुत्रं बांधलेलं असतं, चहा मिळेल. माफीचा व्हिडिओ मिळणार नाही.

वाचणाऱ्या मंडळींना एक काम देतो. खाली कमेंटमध्ये एक चांगला विनोद टाका, पण अट आहे. तुम्ही ज्या पक्षाला मत दिलं त्याच पक्षावरचा पाहिजे. दुसऱ्या पक्षावरचा टाकला तर मोजणार नाही. बघू किती जणांना जमतंय.

मी चाळीतला कांदा निवडायला जातो.